शांत खोलीतला पाहुणा

३ मार्च

नवीकोरी डायरी, आणि पहिल्याच पानावर शाई पलीकडे उतरली. पान सापडावं म्हणून जी फीत लावली आहे ती तिरकी चिकटवली आहे. चिकटवणाऱ्याने एकदाही नीट बघितलेलं नाही. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "चालतंय की काका." या 'चालतंय की'ने माझं टाळकं सणकतं. चालत नाही! आपण चालवून घेतो म्हणून चालतं.

पण आज चिडायचं नाही असं ठरवलं आहे, कारण आज कारखान्यातून फोन आला! खुद्द धाकट्या साहेबांचा! हल्ली फोनसुद्धा धड बनवत नाहीत, माणूस रजई पांघरून बोलतोय असा आवाज येतो. शेवटी मी फोन हिच्याकडे दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने मला एखादी बातमी इतक्या सावकाश, समोर बसून, तोंडाकडे बघत कधी सांगितली नव्हती.

बातमी अशी. कारखाना रुग्णालयांसाठी नवा पंखा काढतोय, अजिबात आवाज न करणारा. नुसत्या यंत्राने तपासून पहिले काही पंखे बाहेर पाठवले, तर तक्रारी आल्या. रोग्यांना झोप लागेना. तेव्हा धाकटे साहेब म्हणाले, काकांना बोलवा, काकांच्या कानांना पटेल तोच पंखा बाहेर जाईल. निवृत्त झालो तरी तिथे मी अजून काकाच आहे!

ही म्हणाली, "जरा विचार करून सांगा." यात विचार कसला? मी तिच्याच हातून परत फोन लावून घेतला आणि होकार कळवून टाकला.

५ मार्च

आनंदाने झोप लागत नाही. पुतण्याला सांगितलं तर तो हसला. "काका, पंखे ऐकण्याची नोकरी?" हो, पंखे ऐकण्याची नोकरी! भिंतींना लोकरीचा जाड नमदा लावलेली आमची शांत खोली. मध्ये छताला हुक, खाली स्टूल. फिटर पंखा टांगून बाहेर जायचा, दार लागायचं आणि मी डोळे मिटून बसायचो. हळू, मध्यम, जोरात. घरघर, टिकटिक, गुणगुण, एकूण एक आवाज मला ठाऊक. चांगल्या पंख्याच्या मोटरवर खडूने बरोबरची खूण, वाईटावर फुली. माझी खूण असलेला पंखा कधी परत आला नाही. थोरले साहेब म्हणायचे, काका गेले की कारखान्याचे कान जातील. तेच झालं की नाही?

आणि नुसते पंखे कशाला, सगळंच घसरलं आहे. लोकांनी तर बोलणंच सोडलं आहे. बँकेतली मुलगी काचेआडून ओठ हलवते, त्याला ती बोलणं समजते. बातम्या देणारे पूर्वी कसे खणखणीत बोलायचे! आता सगळे तोंडातल्या तोंडात. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये दम राहिलेला नाही. पूर्वी शिट्टी झाली की शेजारी दचकायचे. आता ही बाहेर जाताना सांगून जाते, "तीन झाल्या की बंद करा," आणि एकही होत नाही, नुसता जळका वास येतो. नवा कुकर आणला पाहिजे, पण तोही तसलाच निघणार.

दारावरच्या घंटेचीही तीच गत. पार्सलवाला चिठ्ठी चिकटवून गेला, म्हणे पाच वेळा वाजवली. धादांत खोटं! मी दारामागच्याच खुर्चीत बसलो होतो.

८ मार्च

आज मोठा विजय! मागे मी वरच्या मजल्यावर जाऊन खुर्च्या ओढण्यावर चांगलं ठणकावून आलो होतो. खुर्चीच्या पायांना रबर लावा, उचलून ठेवा, खाली माणसं राहतात. तेव्हा तोंड वाकडं केलं होतं त्यांनी. पण हल्ली वरून टाचणी पडल्याचाही आवाज नाही.

आज वरची वहिनी जिन्यात भेटली आणि चक्क हात जोडले. "काका, माफ करा हं. आठवडाभर फरशी फोडायचं काम चाललंय, तुम्हाला फार त्रास होत असेल."

मी म्हणालो, "कसला त्रास? मला तर कळलंसुद्धा नाही!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाची सवय नसते लोकांना. फरशी फोडायची, तीही इतक्या शिस्तीत! एका माणसाने तोंड उघडलं की सुधारणा होते, लोक उगाच निराश होतात. हिला सांगितलं तर तिने कानातले कापसाचे बोळे काढले आणि मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. हिला सर्दी झाली असावी, दुपारभर शेजारी जाऊन बसते.

१० मार्च

गेलो! शर्टाला कडक इस्त्री केली, बूट चकाकवले, आणि सुटाबुटातल्या नवरदेवासारखा कारखान्याच्या फाटकातून आत गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने सलाम ठोकला. निदान त्याला तरी रीत आहे.

शांत खोली तश्शीच आहे. स्टूल नवं आहे, डुगडुगतं. पायाखाली घडी करून कागद सरकवला तेव्हा कुठे स्थिर झालं. असलं स्टूल बनवून विकणाऱ्याला लाज कशी वाटत नाही कोण जाणे.

तपासणी आता एका तरुण मुलीकडे आहे. इंजिनिअर आहे. गळ्यात आवाज मोजायचा मीटर अडकवून फिरते, म्हणून मी तिला मीटरबाई म्हणतो. मुलगी हुशार वाटते, पण बोलताना मान खाली, नजर त्या मीटरवर. मी तिला तिथेच सांगितलं, "मुली, माणसाशी बोलताना माणसाकडे बघावं. आणि शब्द पूर्ण उच्चारावेत, अर्धे गिळू नयेत."

"सॉरी काका," ती म्हणाली, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याकडे बघून एकेक शब्द सुटा बोलली. एका वाक्यात सुधारली! या पिढीला कोणी सांगतच नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि पंखे! काय सांगू! पहिला टांगला, हळू, मध्यम, जोरात. काही नाही. दुसरा, तेच. पाती फिरताना दिसताहेत, वारा तोंडावर येतोय, आणि आवाज शून्य! माझ्या अख्ख्या नोकरीत असा पंखा आला नव्हता. मी हात दुखेपर्यंत खुणा करत सुटलो. धाकट्या साहेबांना म्हणालो, "साहेब, थोरले साहेब असायला हवे होते." त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

१३ मार्च

आज मीटरबाईला फैलावर घेतलं. विचारलं, "पाहुणा बसवतेस ना?" ती बावचळली. म्हणे ती पद्धत बंद होऊन जमाना झाला.

बंद झाली! अरे, पाहुणा ही माझी पद्धत! रोजच्या पंख्यांत एक मुद्दाम बिघडवलेला पंखा गुपचूप मिसळायचा, तो पाहुणा. छताच्या हुकाजवळ दांडीवर जी झाकणाची वाटी असते, तिच्या आत एक लाल ठिपका. वाटी खाली सरकवल्याशिवाय दिसायचा नाही. तपासणाऱ्याने पाहुणा पकडला तर उत्तम. त्याच्यावर बरोबरची खूण केली तर त्याने पास केलेला सगळा माल पुन्हा तपासायचा, आणि त्याने स्टुलावरून उतरायचं. रडलेली माणसं बघितली आहेत मी. एकाने तर माझे पाय धरले होते, पण नियम म्हणजे नियम. तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासलं पाहिजे, नाहीतर तो तपासणीस कसला? माझ्या तावडीतून पाहुणा कधी निसटला नाही.

मीटरबाईला म्हणालो, "उद्यापासून पाहुणा सुरू. माझ्यासाठीसुद्धा!"

ती म्हणाली, "नको काका, तुम्हाला कशाला?"

"मला आधी!" मी म्हणालो. केवढं बरं वाटलं!

१४ मार्च

सगळे पास. संध्याकाळी मीटरबाईला विचारलं, "पाहुणा कुठे होता? मला भेटला नाही."

तिने फिटरकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, मी बसवायला विसरले."

विसरली! पहिल्याच दिवशी! मी तिला चांगलं पाऊण तास व्याख्यान दिलं. विसरणं कसं वाढलं आहे, हातातल्या कामावर कोणाचं लक्ष कसं नाही, शिंपी बाही विसरतो आणि सुतार खिळा विसरतो, आणि 'विसरलो' म्हणताना कोणाची मान कशी खाली जात नाही. तिची मान मात्र खाली होती. फिटरसुद्धा पान्हा हातात धरून जमिनीकडे बघत होता. परिणाम झाला असावा.

१७ मार्च

लेकीचा फोन. ती नेहमीसारखी विचारत होती, सगळं ऐकू येतंय ना बाबा? मी म्हणालो येतंय, आणि मग सगळी हकीकत मीच सांगितली. हल्ली तिच्याशी बोलताना मीच बोलतो, बरं पडतं. ती कधी येणार आहे ते विचारायचं राहिलं. ही म्हणाली, ते लेकीने सांगितलं होतं. मग मला कसं कळलं नाही?

धाकट्या साहेबांनी आज मोठीच गोष्ट सांगितली. नव्या पंख्याच्या खोक्यावर माझा फोटो येणार! खाली 'काकांच्या कानांची पसंती'! फोटोवाला आला होता. तो मला कानामागे हात धरायला सांगू लागला. मी साफ नकार दिला. कानामागे हात बहिरा धरतो, तपासणीस नाही! शेवटी खडू हातात घेऊन काढला. शर्टाची कॉलर नीट बसली होती. हिच्यासाठी एक प्रत मागून ठेवली आहे.

२० मार्च

पाहुणा आजही नाही! विचारलं तर मीटरबाई पुन्हा म्हणते, "विसरले." आणि वर मलाच सांगते, "काका, खोक्याची छपाई थोडी पुढे ढकलूया का? माझ्या मीटरवर काही पंख्यांत गुणगुण दाखवतंय."

मीटर दाखवतंय! माझे कान इथे असताना! मी तिला म्हणालो, "तुझा मीटर बाजारात मिळतो, हा कान मिळत नाही." तिने मीटर बंद केला. एवढी अरेरावी आम्ही कधी केली नव्हती.

२१ मार्च

धाकट्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. मुलगी कामचुकार आहे. पाहुणा बसवत नाही. रुग्णालयांत पंखे जायचे आहेत, रोगी माणसं खाली झोपणार, आणि इथे 'विसरले'. साहेब गंभीर झाले. म्हणाले, "असं असेल तर तिला तपासणीवर ठेवता येणार नाही. गोदामात पाठवतो."

वाईट वाटलं, पण दर्जा म्हणजे दर्जा. मी म्हणालो, "नुसत्या माझ्या शब्दावर नको. तुमच्या समोर पुरावा देतो. मी पास केलेले सगळे पंखे एका रांगेत ठेवा. एकेकाची वाटी सरकवतो. लाल ठिपका कुठेच नाही हे तुम्हीच बघा."

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्या पोरीचं नुकसान करू नका." मी म्हणालो, मी नाही, तिने स्वतःचं केलं आहे. ही खुर्ची ओढून समोर येऊन बसली, माझा हात धरला, काहीतरी बोलायला लागली. मी म्हणालो, सोमवारी, सगळं उरकलं की बोलू. अंगात नुसता उत्साह संचारला आहे. पुराव्यानिशी काम करायची मजाच वेगळी!

२४ मार्च

लिहायला बसलो आहे. जसं झालं तसंच लिहायचं.

सकाळी सगळे पंखे लांब टेबलावर मांडले होते. सगळ्यांच्या मोटरवर माझी खडूची खूण. धाकटे साहेब, मीटरबाई, फिटर आणि मी. मी आधी छोटं भाषण केलं. मग पहिली वाटी सरकवली. ठिपका नाही. "बघा साहेब." दुसरी, नाही. तिसरी, नाही. मला जोर चढत चालला होता. मीटरबाई म्हणाली, "काका, पुरे. चूक माझी आहे, मी जाते गोदामात." मी म्हणालो, "चूक कबूल करून सुटका नाही, मुली. सगळं बघायचं."

पुढची वाटी सरकवली आणि आत लाल ठिपका.

मी वाटी परत वर केली. पुन्हा खाली केली. ठिपका तिथेच. मोटर वळवून बघितली. खूण माझीच. मी बरोबरची खूण करताना शेवटी वर एक छोटी गाठ मारतो, तिची कोणी नक्कल करू शकत नाही.

मी मीटरबाईवर ओरडलो, "हा ठिपका आत्ता लावलास तू!" आणखी एका पंख्यात ठिपका निघाला. मी त्यावरही ओरडलो.

साहेब म्हणाले, "टांगा तो." फिटरने पंखा शांत खोलीत टांगला. दार लावून आम्ही चौघे आत उभे राहिलो. बटण दाबलं. पाती फिरायला लागली.

मी ऐकत होतो. काही नव्हतं. छान, स्वच्छ शांतता. मी म्हणणारच होतो की बघा, आणि मी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली होती. फिटरने दात दाबले होते. मीटरबाई रडत होती. तिघेही तो आवाज ऐकत होते. खोलीत काहीतरी मोठ्याने चाललं होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना कळत होतं.

असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी स्टुलावर बसलो.

साहेबांनी पंखा बंद केला. कोणीच बोलेना, किंवा बोलत असतील. मी मीटरबाईला विचारलं, "दोन्ही दिवस बसवला होतास?"

तिने मान हलवली.

"मग विसरले का म्हणालीस?"

ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा. "मला सांगायला जमलं नाही, काका. तुम्ही इतके खूश होतात."

मला इतका राग आला! तिचा नाही, हो, तिचाही. नापास माल दया करून पास करायचा? मग मी आयुष्यभर काय केलं? ज्याने माझे पाय धरले होते त्याला मी उतरवलं. मग मला का नाही? मी उठलो आणि साहेबांना म्हणालो, "पाहुणा निसटला. मी पास केलेला सगळा माल परत तपासायचा. खोक्यावर फोटो येणार नाही. आणि मी स्टुलावरून उतरलो."

साहेब म्हणाले, "काका, आपण शांतपणे बोलू."

"साहेब, शांतपणे बोललात तर मला ऐकू येणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते.

निघताना मीटरबाईला सांगून आलो, की ती गोदामात जाणार नाही, स्टुलावर बसणार आहे, कानही वापरायचा आणि मीटरही. आणि पुन्हा कोणाला दया करून पास केलंस तर मी स्वतः येऊन तुला उठवीन. ती रडता रडता हसली. धाकटे साहेब फाटकापर्यंत सोडायला आले.

२५ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

२७ मार्च

भीती वाटते. ती लिहून टाकतो. कान गेला तर मी कोण? दुसरं मला काय येतं?

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"कुकर करपायला लागला तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी पुटपुटते. मग समोर बसून मोठ्याने सांगितलं, तर म्हणालात, बघ, मनात आणलं की तुला स्पष्ट बोलता येतं."

हे मी खरंच म्हणालो होतो. मला आठवतंय.

"आणि कारखान्यात कसं जाऊ दिलंस मला?"

ती म्हणाली, "वाटलं तिथे कोणीतरी सांगेल. घरच्यांचं तुम्ही ऐकत नाही, पण कारखान्यातल्यांचं ऐकता." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि फोन आला त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला होता मी. माझ्याच्याने नाही म्हणवेना."

वरच्या वहिनीकडे जाऊन आलो. फरशीचं काम अजून चालू आहे. तिच्या दारात उभा राहिलो तेव्हा तळपायांना हादरे बसत होते.

३१ मार्च

आज कानाच्या डॉक्टरांकडे! आणि हे लिहिताना पुन्हा तो जुना उत्साह आला आहे, कारण तिथे जे बघितलं त्याने मी खूश आहे. दवाखान्यातसुद्धा एक शांत खोली आहे! आमच्याहून लहान, पण भिंती उत्तम. दाराच्या कडेला रबराची पट्टी, तीही सरळ लावलेली. मी बोट फिरवून बघितलं.

तपासणारी बाई मोठी शिस्तीची. कानाला पट्टा लावला, हातात बटण दिलं, आणि माझ्याकडे बघत स्पष्ट सांगितलं, "आवाज आला की दाबायचं. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. अंदाजाने नाही." ही काचेबाहेर बाकावर बसली होती.

पहिले आवाज आले, दाबलं. मग नुसती शांतता. तेवढ्यात लक्षात आलं की काचेत त्या बाईच्या हाताचं प्रतिबिंब दिसतंय. ती यंत्राची कळ फिरवते तेव्हा तिचं मनगट हलतं. मनगट हललं की दाबायचं, बस! पास! कोणाला कळलंही नसतं. खरं सांगतो, बटण एकदा दाबलंही गेलं.

मग मी बटण खाली ठेवलं आणि काच ठोकली. म्हणालो, "बाई, तुमचा हात मला काचेत दिसतोय. असं चालणार नाही. मला भिंतीकडे तोंड करून बसवा, आणि सगळं पहिल्यापासून घ्या."

ती चकित झाली. म्हणाली, इतकी वर्षं काम करते, असं कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पास व्हायचं असतं! माझी खुर्ची वळवली. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि बसलो. इतका वेळ काही ऐकू न येता मी कधी बसलो नव्हतो. आवाज आला की दाबलं, नाही आला की नाही दाबलं.

डॉक्टरांनी निकाल गुळमुळीत न करता सांगितला. उजवा कान गेल्यात जमा, डावा निम्मा शिल्लक, बारीक सुरातला आवाज दोन्हीकडून गेलेला. डाव्याला यंत्र बसेल. पंखे तपासण्याजोगा मात्र तो पुन्हा होणार नाही. "नक्की?" मी विचारलं. "नक्की," ते म्हणाले. वाईट वाटलं. पण नापासाला तोंडावर नापास म्हणणारी माणसं अजून आहेत, याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

बाहेर पडलो. रस्त्यावर गर्दी होती. ही माझ्या उजवीकडून चालत काहीतरी म्हणाली. मी सवयीने म्हणणारच होतो, जरा तोंड उघडून बोलत जा. मग थांबलो. तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

तिचे डोळे एकदम भरले आणि त्याच वेळी तिला हसू फुटलं. शब्द सुटे करत, भर रस्त्यात, आजूबाजूचे चार लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने तिने सांगितलं, "अहो, सकाळपासून सांगतेय! शर्टाची बटणं एक घर चुकलीत!"

खाली बघितलं. खरंच चुकली होती. एक टोक वर, एक टोक खाली, अशा अवतारात मी त्या बाईच्या काचेसमोर आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर दर्जाच्या गप्पा मारून आलो होतो. मी इतका हसलो की पोट धरून फुटपाथच्या कडेला टेकलो. ही वाकली आणि तिथेच माझी सगळी बटणं काढून, वरपासून एकेक करून नीट लावायला लागली.